माय.सीएनएफ: लिहिलेली ओळ आणि लागू झालेली ओळ

दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत डिस्पॅचच्या टेबलाला श्वास घ्यायला सवड नसते. अशाच एका कारखान्यातून सकाळी अकराला फोन आला. गाठी बांधून तयार, टेम्पो दारात, आणि बिल निघेना. स्क्रीनवर एकच वाक्य: टू मेनी कनेक्शन्स, म्हणजे डेटाबेसला एका वेळी जोडायची मर्यादा संपली. मी पोहोचेपर्यंत तिथल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या पोरानं उपाय करून टाकला होता.

‘सर, पाचशेची लाईन टाकलोय की. दोनदा रिस्टार्टबी केलो. ऐकंनाच.’

माय.सीएनएफ, म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसच्या सेटिंगची फाईल, उघडून बघितली. ओळ होती, स्पेलिंग बरोबर, गट बरोबर: मॅक्स_कनेक्शन्स = ५००. मग सर्व्हरला, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारलं, तर तो म्हणाला १५१. पोरगं खोटं बोलत नव्हतं आणि सर्व्हरही. भानगड अशी, की सर्व्हर एकच फाईल वाचत नव्हता. पोरानं लिहिलेली फाईल आधी वाचली जात होती, आणि नंतर वाचल्या जाणाऱ्या फाईलीत कुणीतरी कधीतरी १५१ च्या ओळीपुढचा हॅश (#) काढून ती ओळ जिवंत करून ठेवली होती.

ही ओळ टाका, ती ओळ टाका असं सांगणारे लेख भरपूर आहेत. ओळ टाकायला काही लागत नाही. ती योग्य फाईलीत पडली का, सर्व्हरनं वाचली का, आणि वाचून मानली का, यात दिवस जातो. म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहिलाय: आधी फाईल शोधणं, मग लिहिणं, मग तपासणं.

उदाहरणं मायएसक्यूएल ८.० आणि ८.४ ची आहेत. मायएसक्यूएलमधूनच निघालेली मारियाडीबी जिथे वेगळं वागते तिथे तसं सांगतो. ऑप्शनची नावं, कमांड आणि पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी लिपी, लहान अक्षरं, इंग्रजी अंक. फक्त के, एम, जी ही आकाराची अक्षरं मोठी लिहायची पद्धत आहे.

फाईल कशाला हवी

सर्व्हर सुरू करताना सगळे ऑप्शन कमांडवरच देता येतात. पण रात्री वीज जाऊन पहाटे परत आली, की सर्व्हर आपोआप उठतो. तेव्हा कमांड टाइप करायला कुणी बसलेलं नसतं. म्हणून जे रोज लागतं ते फाईलीत. फाईलीत काहीच नसेल तर सर्व्हर स्वतःच्या मूळ किमती वापरतो, उदाहरणार्थ कनेक्शन्स १५१ आणि बफर पूल (डेटा रॅममध्ये धरायची जागा) १२८ एमबी.

जाता जाता: फाईलीच्या नावातली ‘माय’ आपल्याकडची माय नव्हे. मायएसक्यूएलचे एक निर्माते मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव माय, आणि धाकटीचं मारिया. दोन्ही डेटाबेसची नावं घरातूनच आलेली.

पायरी पहिली: सर्व्हर नेमकं काय वाचतो ते त्यालाच विचारा

अंदाज करू नका. सर्व्हरवर ही कमांड द्या:

मायएसक्यूएलडी --व्हर्बोज --हेल्प

भलंमोठं भेंडोळं बाहेर पडेल. घाबरायचं नाही, आपल्याला फक्त वरच्या ओळी हव्यात. तिथे ‘खालील फाईलींतून, दिलेल्या क्रमानं’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं आणि त्याखाली यादी. उबंटू लिनक्सवर ती साधारण अशी असते:

/ईटीसी/माय.सीएनएफ
/ईटीसी/मायएसक्यूएल/माय.सीएनएफ
~/.माय.सीएनएफ

क्रम वरून खाली (स्क्रीनवर एकाच ओळीत असेल तर डावीकडून उजवीकडे), आणि तोच ऑप्शन दोनदा आला तर नंतरचा जिंकतो. आमच्या कारखान्यातली गोष्ट इथेच उलगडते. पोरानं पहिली फाईल नव्यानं तयार केली होती. मूळची सेटिंग दुसऱ्या फाईलीमार्फत येत होती. पहिलीनं ५०० सांगितलं, दुसरीनं १५१, आणि सर्व्हरनं शेवटचं ऐकलं. या नियमाला एक अपवाद आहे: ‘यूजर’ हा ऑप्शन. सर्व्हर कोणत्या खात्यानं चालवायचा हे पहिल्यांदा जे सांगितलं तेच धरलं जातं, म्हणजे नंतरच्या फाईलीतून कुणाला तो गुपचूप रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, म्हणून चालवता येऊ नये.

आता उबंटूवरची दुसरी फाईल उघडा. तिच्यात बहुधा कामाचं काहीच सापडणार नाही, फक्त ‘!इन्क्लूडडिर’नं सुरू होणाऱ्या दोन ओळी. त्याचा अर्थ, या फोल्डरमधल्या फाईलीही वाच. खरी सेटिंग असते इथे:

/ईटीसी/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल.कॉन्फ.डी/मायएसक्यूएलडी.सीएनएफ

डेबियन किंवा उबंटूवर मारियाडीबी असेल तर ‘मारियाडीबी.कॉन्फ.डी’ फोल्डरमधली ‘५०-सर्व्हर.सीएनएफ’ बघा. अशा फोल्डरमधल्या फाईलीच्या नावाचा शेवट .सीएनएफनंच व्हायला हवा. त्यामुळे ‘मायएसक्यूएलडी.सीएनएफ.जुनी’ अशी प्रत तिथेच ठेवली तरी ती वाचली जात नाही, पण ‘जुनी.सीएनएफ’ अशी ठेवली तर वाचली जाते, आणि मग डोकं धरून बसायची पाळी येते. मायएसक्यूएलमध्ये त्या फोल्डरमधल्या फाईली कोणत्या क्रमानं वाचल्या जातील याची हमी नाही. म्हणून एक ऑप्शन एकाच फाईलीत, हा माझा कडक नियम.

सगळ्या फाईली मिळून शेवटी काय पदरात पडतं ते बघायचं असेल तर:

माय_प्रिंट_डिफॉल्ट्स मायएसक्यूएलडी

ही कमांड सर्व्हरच्या गटातल्या ओळी वाचलेल्या क्रमानं छापते. मॅक्स_कनेक्शन्स दोनदा दिसलं की चोर सापडला.

आणि हो, काही बदलण्याआधी प्रत काढा, नावात तारीख घालून, दुसऱ्या फोल्डरमध्ये. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी हसतो.

विंडोजवाल्यांसाठी, जरा सावकाश

आपल्याकडच्या लहान कारखान्यांत, पेठेतल्या दुकानांत डेटाबेस विंडोजवरच असतो. तिथे फाईलीचं नाव बहुधा माय.आयएनआय. इन्स्टॉलरनं टाकलेली फाईल सी ड्राइव्हच्या ‘प्रोग्रामडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. लोक ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये शोधतात, तिथे सापडत नाही, मग स्वतःच एक नवी तयार करतात. शोधायची खात्रीची रीत अशी: सर्व्हिसेसची खिडकी उघडा, मायएसक्यूएलच्या सर्व्हिसवर डबल क्लिक करा आणि तिथला चालवायच्या फाईलीचा पत्ता पूर्ण वाचा. त्यात ‘--डिफॉल्ट्स-फाईल=’ असं असेल तर पुढे लिहिलेली फाईल हीच एकमेव खरी. बाकी फाईली सर्व्हर बघतही नाही, अपवाद फक्त पाचव्या पायरीत येणाऱ्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफचा. झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) वापरत असाल तर फाईल त्याच्याच मायएसक्यूएल\बिन फोल्डरमध्ये असते, आणि आतला सर्व्हर खरं तर मारियाडीबी आहे.

विंडोजवर तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत मी पडलोय.

पहिला नोटपॅडचा. सेव्ह करताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडलं गेलं, तर फाईलीच्या सुरुवातीला न दिसणारी तीन बाइट जातात. मग सर्व्हर म्हणतो, ‘गटाशिवाय ऑप्शन सापडला, ओळ १’. तुम्ही ओळ १ बघता, ती अगदी स्वच्छ दिसते. एएनएसआयमध्ये सेव्ह करा, प्रश्न मिटतो. दुसरा खड्डाही नोटपॅडचाच: फाईल ‘माय.आयएनआय.टीएक्सटी’ होऊन बसते आणि विंडोज शेवटचे तीन अक्षर लपवतं.

तिसरा अस्सल सोलापुरी आहे. एका ठिकाणी जागा कमी पडली म्हणून डेटा डी ड्राइव्हवरच्या ‘सोलापूर’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवला. फाईलीत पत्ता लिहिला तो विंडोजच्या सवयीनं, डी, कोलन, बॅकस्लॅश, सोलापूर. सर्व्हर उठेना. फोल्डर डोळ्यासमोर आहे आणि तो म्हणतोय सापडत नाही. कारण या फाईलीत बॅकस्लॅश आणि त्यापुढे लहान एस याचा अर्थ होतो ‘मोकळी जागा’. आमच्या सोलापूरचा ‘एस’ त्यानं गिळला आणि उरलं ‘ओलापूर’. एन म्हणजे नवी ओळ, टी म्हणजे टॅब, हेही त्याच जातीचे. त्यामुळे नगर आणि ठाणे इथल्या मंडळींनीही जपावं. उपाय साधा: विंडोजवरही पत्त्यात सरळ पुढे झुकलेला स्लॅश वापरा, किंवा बॅकस्लॅश दोनदा लिहा.

पायरी दुसरी: गट

फाईलीत चौकटी कंसातलं नाव म्हणजे गट, आणि त्याखालच्या ओळी त्या गटाच्या. सर्व्हरसाठी गट आहे [मायएसक्यूएलडी]. शेवटचा ‘डी’ विसरला की गट होतो [मायएसक्यूएल], म्हणजे क्लायंट, सर्व्हरला जोडून कमांड लिहायचा प्रोग्रॅम. मग गंमत अशी होते, की सर्व्हर त्या ओळीकडे ढुंकून बघत नाही आणि क्लायंट मात्र ‘अननोन व्हेरिएबल’ म्हणून उघडायलाच नकार देतो. सर्व्हर चालू, पण आत जाता येत नाही असं दिसलं की हा डी आधी तपासा.

[क्लायंट] हा गट सगळे क्लायंट वाचतात, बॅकअप घेणारं मायएसक्यूएलडम्पसुद्धा. म्हणून त्यात फक्त सगळ्यांना कळेल असंच लिहायचं: पोर्ट, सॉकेट, युजर. एकानं सोय म्हणून तिथे ‘डेटाबेस = स्टॉक’ लिहिलं होतं. ती ओळ डम्पला कळत नाही, त्यामुळे रात्रीचा बॅकअप त्या दिवसापासून बंद. हे लक्षात यायला दीड महिना लागला.

आवृत्तीपुरता गटही करता येतो, जसं [मायएसक्यूएलडी-८.४]. मारियाडीबीचे स्वतःचे गट आहेत, [मारियाडीबी] वगैरे; तिथलं मायएसक्यूएल वाचत नाही.

पायरी तिसरी: ओळ लिहिणं

नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. नावात डॅश चालतो तसाच अंडरस्कोरही, दोन्ही एकच. मी अंडरस्कोरच वापरतो, कारण सर्व्हर चालू असताना सेट कमांडनं बदलायचं झालं तर तिथे अंडरस्कोरच लागतो आणि डोक्यात एकच नाव राहतं.

मोठ्या आकड्यांना के, एम, जी लावता येतं. दशांश मात्र चालत नाही. दीड जीबी हवं असेल तर १.५जी नव्हे, १५३६एम. आणि हे के-एम-जी फक्त फाईलीत आणि कमांड लाईनवर. आत जाऊन सेट करताना पूर्ण आकडा द्यावा लागतो, किंवा ४ * १०२४ * १०२४ * १०२४ असा गुणाकार.

हॅशपासून पुढचं सगळं टिपण. ओळीच्या मध्येही हॅश चालतो, म्हणून पासवर्डात हॅश असेल तर तो अवतरणात घाला.

आता १६ जीबी रॅमचं, फक्त डेटाबेससाठी ठेवलेलं मशीन आणि चाळीसेक माणसं, एवढ्या कारखान्याला पुरेल अशी फाईल:

[मायएसक्यूएलडी]
बाइंड_ॲड्रेस = १२७.०.०.१,१९२.१६८.१.१०
मॅक्स_कनेक्शन्स = १५१
वेट_टाइमआउट = ६००
इनोडीबी_बफर_पूल_साइझ = ८जी
इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट = १
कॅरेक्टर_सेट_सर्व्हर = यूटीएफ८एमबी४
डिफॉल्ट_टाइम_झोन = '+०५:३०'
स्लो_क्वेरी_लॉग = १
लाँग_क्वेरी_टाइम = २

दहाच ओळी. नेटवरून उचललेली ऐंशी ओळींची फाईल आणू नका. त्यातल्या सत्तर ओळी दुसऱ्याच्या मशीनच्या असतात.

यातल्या काही ओळींवर बोलायलाच हवं.

बफर पूल ही सगळ्यात जास्त फरक पाडणारी ओळ. डेटाची पानं रॅममध्ये धरून ठेवायची जागा. मूळ १२८ एमबी, म्हणजे पाच वर्षांचा स्टॉक असलेल्या कारखान्याला काहीच नाही. मशीन फक्त डेटाबेसचं असेल तर रॅमच्या ५० ते ७५ टक्के द्या. त्याच मशीनवर हिशोबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि मालकांच्या नातवाचा गेम असेल तर दोन-तीन जीबीवर थांबा. इथे एक गंमत दिसेल. ८.० मध्ये एक जीबी किंवा जास्त बफर पूल आठ भागांत वाटला जातो, दर भाग १२८ एमबीच्या तुकड्यांचा, त्यामुळे एकूण आकडा पूर्ण जीबीतच बसतो. तुम्ही १५३६एम लिहिलं तर सर्व्हर दोन जीबी दाखवेल. बिघाड नाही, तो वर ओढून घेतो. रॅम मोजताना हे धरा.

पण रॅम खरी फुटते ती सॉर्ट_बफर_साइझमुळे. ही मूळची २५६ के असते आणि प्रत्येक कनेक्शनला, गरज लागेल तेव्हा, स्वतंत्र मिळते. कुणीतरी ‘वेग वाढवा’ वाचून ६४एम करतं. १५१ जणांनी एकदम मागितली तर साडेनऊ जीबीच्या आसपास. हात लावू नका.

फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट. १ म्हणजे प्रत्येक व्यवहार पक्का झाला की लगेच डिस्कवर उतरवायचा. २ म्हणजे व्यवहार ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात द्यायचा आणि डिस्कवर साधारण सेकंदातून एकदा उतरवायचा. २ नं वेग वाढतो हे खरंय, जुन्या फिरत्या डिस्कवर तर डोळ्याला दिसेल इतका. पण वीज गेली तर शेवटच्या सेकंदाभराचं काम गेलं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो, वीज कधी डुलकी घेईल सांगता येत नाही, आणि यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली हे कुणालाच आठवत नसतं. सेकंदाभरात किती बिलं निघतात, असं मालक विचारतात. एखादंच. पण ते छापून टेम्पोवाल्याच्या हातात गेलेलं आणि डेटाबेसात नसलेलं बिल शोधायला अकाउंटंटला दोन दिवस लागतात. मी १ च ठेवतो. वेग हवा असेल तर एसएसडी घ्या.

बाइंड_ॲड्रेस. सर्व्हर कोणत्या पत्त्यावर जोडणी घेतो ते. उबंटूच्या पॅकेजमध्ये हा १२७.०.०.१ असतो, म्हणजे दुसऱ्या टेबलावरून कुणी जोडू शकत नाही. लोक वैतागून ०.०.०.० (म्हणजे सगळे पत्ते) करतात आणि राउटरवर ३३०६ पोर्टही उघडून मोकळे होतात. तसं करू नका. ८.०.१३ पासून स्वल्पविराम देऊन एकाहून जास्त पत्ते देता येतात, वरच्या फाईलीत तसंच केलंय. एक धोका: तो १९२ वाला पत्ता मशीनला पक्का दिलेला हवा. नेटवर्क कार्डाला पत्ता मिळायच्या आत सर्व्हर उठला, तर त्याला त्या पत्त्यावर बसता येत नाही आणि तो बंद पडतो. वीज आल्यावर स्विच उठायला वेळ लागला की हे होतं. तुमच्याकडे असं होत असेल तर मग ०.०.०.० ठेवा, पण सोबत मशीनच्या फायरवॉलनं फक्त कारखान्याच्या आतल्या पत्त्यांना परवानगी द्या.

कॅरेक्टर_सेट. अक्षरं साठवायची पद्धत. ८.० पासून मूळच यूटीएफ८एमबी४ आहे. त्याआधी लॅटिन१ होता, आणि सोलापुरात ग्राहकांची नावं मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींत येतात. जुन्या सर्व्हरवर ती सगळी प्रश्नचिन्हं व्हायची. लक्षात ठेवा, ही ओळ बदलली की फक्त नव्यानं तयार होणारे डेटाबेस बदलतात. जुने टेबल आहे तसेच राहतात, ते ऑल्टर कमांडनं वेगळे बदलावे लागतात, आणि प्रश्नचिन्ह झालेली नावं परत येत नाहीत.

टाइम झोन आकड्यात दिला की वेगळं काही भरावं लागत नाही. ‘एशिया/कोलकाता’ लिहायचं असेल तर टाइम झोनची टेबलं आधी भरलेली हवीत.

आणि आमचा मॅक्स_कनेक्शन्स. त्या कारखान्यात चाळीस माणसं, मग १५१ कमी कसे पडले? शो प्रोसेसलिस्ट दिली, तर बहुतेक सगळी कनेक्शनं ‘स्लीप’, उघडी पण रिकामी. गाठींवरचा बारकोड स्कॅन करणारा प्रोग्रॅम दर वेळी नवं कनेक्शन उघडायचा आणि बंद करायला विसरायचा. वेट_टाइमआउट मूळचा २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास. सकाळी उघडलेलं कनेक्शन संध्याकाळपर्यंत खुर्ची अडवून बसायचं. पाचशे केले असते तर गर्दी अकराऐवजी तीनला झाली असती, एवढंच. वेळ ६०० सेकंदांवर आणली, गर्दी मोडली. पण एखादा जुना बिलिंग प्रोग्रॅम दिवसभर एकच कनेक्शन धरून बसत असेल, तर जेवण करून आल्यावर त्याला ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ दिसेल. तेव्हा आधी एक दिवस ठेवून बघा.

पायरी चौथी: रिस्टार्टच्या आधी

८.०.१६ पासून एक कामाची सोय आहे:

सुडो मायएसक्यूएलडी --व्हॅलिडेट-कॉन्फिग

काहीच छापलं नाही तर फाईल ठीक. चुकीचं नाव असेल तर ते सांगून थांबतं. चालू सर्व्हरला धक्का लागत नाही. मात्र सगळंच पकडलं जातं असं नाही; पत्ता चुकला, परवानगी नाही, हे प्रत्यक्ष उठतानाच कळतं. मारियाडीबीत ही सोय नाही.

रिस्टार्टची वेळ निवडा. एक वाजता डबे उघडतात, शेंगाचटणीचा वास सुटतो, डिस्पॅच अर्धा तास थांबतं, ती वेळ बरी. मोठा बदल असेल, आवृत्ती बदलायची असेल, तर मी गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी धरतो.

सुडो सिस्टीमसीटीएल रिस्टार्ट मायएसक्यूएल

उठल्यावर पहिली काही मिनिटं रिपोर्ट संथ चालतील, बफर पूल भरायचा असतो. लगेच ‘बिघडलं’ म्हणून फाईल उलटीपालटी करू नका.

पायरी पाचवी: लागू झालं का

शो ग्लोबल व्हेरिएबल्स लाइक 'मॅक्स_कनेक्शन्स'; दिलं की किंमत कळते. पण ती आली कुठून हे कळत नाही. ८.० मध्ये त्यासाठी एक सुंदर टेबल आहे, परफॉर्मन्स_स्कीमामधलं व्हेरिएबल्स_इन्फो:

सिलेक्ट व्हेरिएबल_सोर्स, व्हेरिएबल_पाथ फ्रॉम परफॉर्मन्स_स्कीमा.व्हेरिएबल्स_इन्फो व्हेअर व्हेरिएबल_नेम = 'मॅक्स_कनेक्शन्स';

हे सरळ फाईलीचा पूर्ण पत्ता देतं. सोर्समध्ये ‘कंपाइल्ड’ आलं तर समजा तुमची ओळ कुठेच पोहोचली नाही, सर्व्हर मूळ किंमतच वापरतोय. हे टेबल मी त्या पोराला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ‘हे आधी ठाऊक असतं तर सकाळ वाचली असती की ओ.’ मारियाडीबीत हीच माहिती इन्फर्मेशन_स्कीमामधल्या सिस्टीम_व्हेरिएबल्समध्ये मिळते.

सोर्समध्ये ‘पर्सिस्टेड’ दिसलं तर वेगळाच मामला. ८.० पासून सेट पर्सिस्ट कमांडनं चालू सर्व्हरमधूनच किंमत कायमची करता येते. ती डेटा फोल्डरमधल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ या फाईलीत जाते, आणि ही फाईल सगळ्यात शेवटी वाचली जाते. माय.सीएनएफ तर सोडाच, कमांड लाईनही तिच्यापुढे हरते. कुणी वर्षापूर्वी सेट पर्सिस्ट करून गेला असेल तर तुम्ही माय.सीएनएफमध्ये काहीही लिहा, उपयोग शून्य. ती फाईल हातानं उघडून बदलू नका. रिसेट पर्सिस्ट मॅक्स_कनेक्शन्स; अशी कमांड द्या.

उठलाच नाही तर

एरर लॉग वाचा. उबंटूवर /व्हार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग, विंडोजवर डेटा फोल्डरमध्ये .ईआरआर शेवट असलेली फाईल. शेवटची ओळ नको, ‘एरर’ असलेली पहिली ओळ बघा. शेवटची नुसती ‘अबॉर्टिंग’ असते.

बहुतेक वेळा तिथे ‘अननोन व्हेरिएबल’ असतं, आणि आवृत्ती बदलल्यावर तर हमखास. क्वेरी_कॅश_साइझ ८.० मध्ये काढून टाकली, डिफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन ८.४ मध्ये. जुन्या फाईलीत यातली एक ओळ राहिली तरी सर्व्हर उठत नाही. एकच फाईल जुन्या-नव्या दोन्ही सर्व्हरना चालवायची असेल तर नावाआधी लूज_ जोडा. मग ओळखीचा ऑप्शन लागू होतो, अनोळखी असेल तर फक्त इशारा देऊन सर्व्हर पुढे जातो. हे मी तात्पुरतं वापरतो, कारण लूज_ लावल्यावर स्पेलिंगची चूकही मुकाट्यानं खपते.

उलटा प्रकारही आहे: सर्व्हर छान उठतो, पण तुमची अख्खी फाईलच मानत नाही. लॉगमध्ये ‘वर्ल्ड-रायटेबल’ आणि ‘इग्नोर्ड’ असे शब्द दिसतील. कुणीतरी परमिशन ७७७ केलेली असते. कुणीही लिहू शकेल अशी फाईल लिनक्सवर सर्व्हर सुरक्षेपोटी टाळतो. ६४४ करा. घरच्या फोल्डरमधल्या ~/.माय.सीएनएफमध्ये पासवर्ड असेल तर ६००.

डेटा फोल्डर हलवला, मालकी बरोबर दिली, तरी उबंटूवर ‘परमिशन डिनाइड’ येत असेल, तर तो ॲपआर्मर, उबंटूचा सुरक्षेचा पहारेकरी. नवा पत्ता त्याच्या नियमांतही लिहावा लागतो. रेड हॅट घराण्यात हेच काम एसईलिनक्स करतं.

काहीच कळेना आणि टेम्पो दारात उभा असेल, तर जुनी प्रत परत ठेवा, सर्व्हर उठवा, आणि शोध दुपारी घ्या.

त्या दिवशी आम्ही पोरानं तयार केलेली पहिली फाईल काढून टाकली आणि जे ठेवायचं ते एकाच फाईलीत ठेवलं. प्रत्येक ओळीच्या वर हॅश देऊन कुणी, कधी, का बदललं ते लिहायला मी त्याला सांगितलं होतं. पुढच्या खेपेला फाईल उघडली, तर इंग्रजी अक्षरांत त्याचं मराठी टिपण होतं: ‘# ५०० केलतो. चूक फाईलीत. गरजबी नव्हती. स्कॅनरवाल्याला फोन करायचाय.’